पंतप्रधान पाडला, पण कौल चोरला नाही

ऑस्ट्रेलियाच्या राजकारणाचा विषय निघाला की मराठी गटांत एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: तिथे आठ वर्षांत सहा पंतप्रधान झाले, एकालाही मुदत पूर्ण करू दिली नाही. जनतेने निवडलेल्या माणसाला त्याच्याच खासदारांनी रातोरात हाकललं, म्हणजे जनतेचा कौल चोरला. खाणमालकांच्या पैशाने हे घडलं. आपल्याकडच्या पक्षफोडीपेक्षा तिथलं काही वेगळं नाही. आणि शेवटी उपाय: निवडून आलेल्या पंतप्रधानाला मुदत संपेपर्यंत कुणी हात लावू नये असा कायदा करावा.

मी ऑस्ट्रेलियात मत देते. हा मजकूर चांगली शिकलेली माणसंही विश्वासाने पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

आकड्यापासून सुरुवात करू. जून २०१० ते ऑगस्ट २०१८ या काळात पंतप्रधान पाच वेळा बदलला. लेबर पक्षाचे केव्हिन रड गेले आणि त्याच पक्षाच्या जुलिया गिलार्ड आल्या (२०१०), गिलार्ड गेल्या आणि रड परत आले (जून २०१३), रड गेले आणि लिबरल पक्षाचे अ‍ॅबट आले (सप्टेंबर २०१३), मग त्यांच्याच पक्षाचे टर्नबुल (२०१५) आणि मॉरिसन (२०१८). म्हणजे माणसं पाच, त्यातला एक दोनदा. यातला २०१३चा अ‍ॅबट यांचा विजय सरळ सार्वत्रिक निवडणुकीतला होता, तो ‘पाडापाडी’त धरणं चूक आहे. उरलेले चार बदल सत्ताधारी पक्षाने स्वतः केले. हेही कमी नाहीत, आणि मी ते कमी लेखत नाही. शिवाय तिथल्या प्रतिनिधिगृहाची, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या सभागृहाची, मुदत तीन वर्षांची असते. आपल्या पाच वर्षांचा हिशेब तिथे लावला की सगळंच भडक दिसतं.

आता मुख्य आरोप, कौल चोरल्याचा. २००७च्या निवडणुकीत ब्रिस्बेनमधला ग्रिफिथ मतदारसंघ सोडला तर प्रतिनिधिगृहाच्या एकाही मतपत्रिकेवर केव्हिन रड हे नाव नव्हतं. मतदाराने आपापला खासदार निवडला. ज्या पक्षाच्या खासदारांचं सभागृहात बहुमत, त्यांचा नेता पंतप्रधान. भारताच्या राज्यघटनेत निदान पंतप्रधान या पदाचा स्पष्ट उल्लेख आहे. १९०१ साली अमलात आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या घटनेत तो कुठेच नाही. कलम ६४ सांगतं की गव्हर्नर-जनरल (ब्रिटिश राजपदाचे तिथले प्रतिनिधी) मंत्री नेमतील आणि मंत्र्याला तीन महिन्यांत संसदेचा सदस्य व्हावं लागेल. बाकी सगळं प्रथेवर चालतं, आणि त्या प्रथेचा गाभा एकच आहे: सभागृहातल्या बहुमताचा विश्वास असेल तोवर पंतप्रधान. ज्यांच्या विश्वासावर पद मिळालं, त्यांनी तो काढून घेतला तर पद जातं. त्यासाठी पक्षाच्या बैठकीत नेतेपद रिक्त करून पुन्हा गुप्त मतदान घेतलं जातं. तिथे याला ‘स्पिल’ म्हणतात.

यावर उत्तर येतं की प्रचार तर नेत्याच्याच नावाने होतो. बरोबर आहे. २००७ साली लेबर पक्षाने ‘केव्हिन ०७’ छापलेले टी-शर्ट वाटले होते. ज्याच्या नावाने मतं मागितली त्याला अडीच-पावणेतीन वर्षांत उचलून बाजूला ठेवलं, तर मतदाराला फसवलं गेल्यासारखं वाटणारच. तो राग खरा आहे आणि पक्षांनी त्याची किंमत मोजली. पण आपण फसवले गेलो असं वाटणं वेगळं आणि सत्ता बळकावली जाणं वेगळं.

सत्ता बळकावल्याचा आरोप ज्याला करायचा असेल त्याने ११ नोव्हेंबर १९७५ आठवावा. प्रतिनिधिगृहात पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांचं बहुमत शाबूत होतं. सेनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, अर्थसंकल्पीय विधेयकं अडवून धरली होती. त्या पेचात गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी, म्हणजे जनतेने न निवडलेल्या माणसाने, पंतप्रधानाला बडतर्फ करून विरोधी पक्षनेते माल्कम फ्रेझर यांना नेमलं. त्याच दुपारी सभागृहाने फ्रेझर यांच्यावर अविश्वास दाखवला. तो ठराव घेऊन सभापती निघाले, पण त्यांना ताटकळत ठेवलं गेलं आणि तोवर संसद विसर्जित झाली होती. फ्रेझर पुढे डिसेंबरची निवडणूक प्रचंड बहुमताने जिंकले, तरीही तो प्रसंग तिथल्या लोकांना आजही बोचतो. सभागृहातलं बहुमत डावलून पंतप्रधान काढणं ते असं. २०१० किंवा २०१८ साली यातलं काहीच घडलं नाही. बहुमत होतं त्याच पक्षाकडे राहिलं आणि त्या बहुमतानेच आपला नेता बदलला.

‘रातोरात’ हा शब्द फक्त २०१०ला लागू पडतो. २३ जूनच्या संध्याकाळी हालचाल बाहेर फुटली आणि २४च्या सकाळी रड यांनी उमेदवारीच केली नाही, कारण पाठीशी मतं नाहीत हे त्यांना कळलं होतं. बाकीच्या बाबतींत इशारे आधी मिळाले होते. टोनी अ‍ॅबट यांनी जानेवारी २०१५ मध्ये मंत्रिमंडळाला न विचारता ब्रिटनच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांना ‘नाइट’ किताब दिला आणि खासदार भडकले. ९ फेब्रुवारीला स्पिलचा ठराव आला तेव्हा समोर दुसरा उमेदवारही नव्हता, तरी ३९ जणांनी नेतेपद रिक्त करावं असं मत दिलं. ६१ मतांनी अ‍ॅबट वाचले आणि सात महिने मिळाले. १४ सप्टेंबरला ते ५४ विरुद्ध ४४ असे हरले. त्याच्या आधीचा दाखला पंतप्रधान बॉब हॉक यांचा. जून १९९१ मध्ये त्यांनी पॉल कीटिंग यांना ६६-४४ असं हरवलं आणि डिसेंबरमध्ये तेच ५१-५६ असे हरले. त्याहून मागे, मार्च १९७१ मध्ये, पंतप्रधान जॉन गॉर्टन यांच्यावरच्या विश्वासाचं मतदान ३३-३३ असं समान झालं. निम्म्या पक्षाचा विश्वास नसताना हे पद ठेवणं योग्य नाही असं मानून त्यांनी ते सोडलं. तेव्हा हा २०१०नंतरचा नवा आजार आहे, हेही खरं नाही.

खाणमालकांचा मुद्दा जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. २ मे २०१० रोजी रड सरकारने खाण कंपन्यांच्या अतिरिक्त नफ्यावर ४० टक्के कर जाहीर केला. उद्योगाने सुमारे २.२ कोटी डॉलर खर्चून जाहिरातींचा भडिमार केला. रड गेल्यानंतर आठच दिवसांत, २ जुलैला, गिलार्ड सरकारने तीन बड्या कंपन्यांशी बोलून कराचा दर ३० टक्क्यांवर आणला आणि तो कोळसा व लोहखनिज यांच्यापुरता ठेवला. पैशाने कर बदलला, हे मी मान्य करते आणि ते मला आजही लाजिरवाणं वाटतं. पण पैशाने पंतप्रधान बदलला, हे सिद्ध होत नाही. हवामानबदल हे आपल्या पिढीपुढचं सर्वांत मोठं नैतिक आव्हान आहे असं सांगणाऱ्या रड यांनी कार्बन उत्सर्जन व्यापाराची योजना लांबणीवर टाकल्याचं एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे कर जाहीर होण्याआधीच, बाहेर आलं होतं. महत्त्वाचे निर्णय चार जणांच्या समितीत होत आणि बाकीचे मंत्री व खासदार बाहेर तिष्ठत, ही तक्रार तर जुनीच होती.

सगळ्यात बोलकी गोष्ट २७ फेब्रुवारी २०१२ची. रड यांनी गिलार्ड यांना उघड आव्हान दिलं. त्या वेळी खाणकराचं विधेयक संसदेतून नेणाऱ्या पंतप्रधान गिलार्डच होत्या. पक्षाची सूत्रं खाणमालकांच्या हाती असती, तर गिलार्ड यांना घालवण्याची ही आयती संधी होती. लेबर खासदारांनी ७१ विरुद्ध ३१ मतांनी गिलार्ड यांनाच ठेवलं. जून २०१३ मध्ये त्याच खासदारांनी रड यांना ५७-४५ असं परत आणलं, ते निवडणूक तोंडावर आली होती आणि पराभव दिसत होता म्हणून. खुर्च्या वाचवण्याचं हे कारण काही थोर नाही, पण ते कुणी विकत घेतलेलं नव्हतं.

माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. २०१० साली लेबर पक्षाने खरी कारणं लोकांपासून लपवली. चांगलं सरकार वाट चुकत होतं, एवढंच गिलार्ड म्हणाल्या. रड यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल मंत्री उघडपणे बोलले ते थेट २०१२ साली. मधल्या दीड वर्षात लोकांनी स्वतःच कारणं शोधली, आणि त्यातूनच कटाच्या गोष्टी जन्माला आल्या. नेता बदलण्याचा अधिकार खासदारांचा आहे, तसं कारण सांगण्याचं कर्तव्यही त्यांचंच आहे. ते त्यांनी पाळलं नाही.

ऑगस्ट २०१८चा तो आठवडा तर कुणालाच भूषणावह नव्हता. सोमवारी २० तारखेला माल्कम टर्नबुल यांनी ऊर्जा धोरणातलं उत्सर्जन घटवण्याचं लक्ष्य कायद्यात आणण्याचा बेत सोडला, कारण स्वपक्षातलेच खासदार विरोधात मत देणार होते. मंगळवारी त्यांनी स्वतःच नेतेपद रिक्त जाहीर केलं आणि आव्हान देणारे गृहमंत्री पीटर डटन यांना ४८-३५ असं हरवलं. गुरुवारी तीन ज्येष्ठ मंत्र्यांनी पाठिंबा काढला. ४३ खासदारांच्या सह्या दाखवा, मगच बैठक बोलावतो, असं टर्नबुल म्हणाले. शुक्रवारी सह्या पुऱ्या झाल्या, स्पिलचा ठराव ४५-४० असा मंजूर झाला आणि त्याच आकड्यांनी स्कॉट मॉरिसन यांनी डटन यांना हरवलं. जनमत चाचण्यांचा धाक होताच. अ‍ॅबट सलग तीस न्यूजपोल हरले, असं कारण २०१५ साली खुद्द टर्नबुल यांनी दिलं होतं, आणि तीच मोजपट्टी पुढे त्यांच्याही मागे लागली.

पण मतदार हतबल राहिला का? टर्नबुल यांनी खासदारकी सोडल्यावर सिडनीच्या पूर्व भागातल्या वेंटवर्थमध्ये ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. अनेक दशकं लिबरल पक्षाची असलेली ही जागा अपक्ष केरिन फेल्प्स यांनी जिंकली आणि सरकारचं सभागृहातलं बहुमत गेलं. अवघ्या दोन महिन्यांत मतदारांनी हिशेब मागितला. पाडणारा कधी निवडून येत नाही, असंही सांगितलं जातं. पण मॉरिसन मे २०१९ मध्ये जिंकले, टर्नबुल २०१६ मध्ये जेमतेम जिंकले, कीटिंग यांनी १९९३ची हरलेलीच मानली गेलेली निवडणूक जिंकली. गिलार्ड यांना २०१० मध्ये बहुमत मिळालं नाही, दोन्ही बाजूंना ७२-७२ जागा आल्या, तरी अपक्षांना आणि ग्रीन्स पक्षाच्या एका खासदाराला सोबत घेऊन त्यांनी तीन वर्षं सरकार चालवलं.

राहिली आपल्याकडची तुलना. २०२२ साली महाराष्ट्रात आमदार सुरत-गुवाहाटीला गेले, पक्ष फुटला, चिन्हाचा वाद झाला, पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. कोण बरोबर हा वाद इथे नको. पण स्पिलमध्ये कुणी पक्ष सोडत नाही, सभागृहातली मतांची बेरीज बदलत नाही, राज्यपालाने बहुमत कुणाचं ते ठरवायचं नसतं. पक्षाची बैठक होते आणि कुणाला किती मतं पडली ते देशाला कळतं. तुलना करायचीच असेल तर १९८० ते १९८८ या काळातल्या महाराष्ट्राशी करा: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, निलंगेकर, शंकरराव चव्हाण, शरद पवार. आठ वर्षांत सहा मुख्यमंत्री, आणि पक्ष एकच. प्रत्येक वेळची कारणं वेगळी होती, पण पुढचा कोण हे ठरत होतं दिल्लीत. विधिमंडळ पक्षाने गुप्त मतदान करून ४५-४० असा निकाल लावलेला तेव्हा कुणी पाहिला?

या उलथापालथीने नुकसान झालं नाही, असं मी म्हणणार नाही. हवामान आणि ऊर्जा धोरणाची त्या देशाने दहा वर्षं घालवली. रड, टर्नबुल दोघांच्याही पाडावात हा विषय होता. २००९ साली विरोधी पक्षनेते असताना टर्नबुल याच प्रश्नावरून अ‍ॅबट यांच्याकडून अवघ्या एका मताने, ४२-४१, हरले होते.

शेवटचा मुद्दा त्या कायद्याचा. दोन्ही पक्षांनी आपापल्या नियमांत बदल केलेच आहेत. लेबरने २०१३ साली ठरवलं की पदावरच्या पंतप्रधानाला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के खासदारांच्या सह्या लागतील आणि निवडीत सामान्य सदस्यांच्या मतांना निम्मं वजन असेल. लिबरलांनी डिसेंबर २०१८ मध्ये दोन-तृतीयांशाची अट घातली. त्यानंतर मॉरिसन आणि त्यांच्यामागून आलेले लेबरचे अँथनी अल्बानीझी यांनी मुदती पूर्ण केल्या आणि अल्बानीझी मे २०२५ मध्ये पुन्हा जिंकलेही. इथवर ठीक. पण याहून पुढे जाऊन हात लावण्याचा अधिकारच काढून घ्या म्हणणाऱ्यांनी पाहावं की दोन-तृतीयांशाच्या या कवचाखाली राज्य करणारे पहिले पंतप्रधान मॉरिसनच होते. २०२० आणि २०२१ मध्ये त्यांनी आरोग्य, अर्थ, कोषागार, गृह आणि उद्योग अशा पाच खात्यांवर स्वतःची गुपचूप नेमणूक करून घेतली. आपल्या खात्यावर पंतप्रधान स्वतःही नेमले गेले आहेत हे खुद्द कोषागारमंत्री जॉश फ्रायडनबर्ग यांना ठाऊक नव्हतं. हे उघड झालं ऑगस्ट २०२२ मध्ये, सरकार गेल्यावर, आणि ३० नोव्हेंबरला प्रतिनिधिगृहाने ८६-५० मतांनी त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला. पदावर असताना याबद्दल जाब विचारू शकले असते ते त्यांच्या पक्षाचे खासदार, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना यातलं काहीच सांगितलं गेलं नव्हतं.