पाच गुंठ्यांपुरती हिंमत: एका कास्तकार वाचकाला उत्तर

नमस्कार भाऊ,

नवं करून बघण्याच्या हिंमतीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "महिन्याला पगार येणाऱ्यांनी हिंमतीच्या गोष्टी सांगू नयेत. आमचं चार एकर कोरडवाहू वावर. सघन कपाशी लावली आणि हंगाम बुडाला, तर सावकाराला तुम्ही थांबवणार का? गाव हसेल ते वेगळंच."

तुमची भीती खरी आहे. ती मन घट्ट करून जाणार नाही, म्हणून आधी हिशेबच मांडू. एकरी 6 क्विंटल कापूस धरला आणि भाव क्विंटलला 7,000 धरला, तर चार एकरांचे 1,68,000 होतात. चारही एकर सघन केले, म्हणजे झाडं नेहमीपेक्षा दाट लावली, आणि उत्पन्न एक तृतीयांश घटलं, तर 56,000 गेले. शिवाय नेहमीची दोन पाकिटं लागतात तिथे सघनला एकरी सहा. पाकीट 900 च्या आसपास, म्हणजे बियाण्याचेच 14,400 जास्त. एकूण सत्तर हजारांचा खड्डा. हा धोका घेऊ नका असं मीही म्हणेन, आणि उसनवारीच्या पैशावर तर मुळीच नको.

आता तेच पाच गुंठ्यांवर करा. तेवढ्याच प्रमाणात घट आली तर 25 किलो कापूस कमी, म्हणजे 1,750 रुपये, आणि जास्तीच्या बियाण्याचे सहा-सातशे. टोबणीची, म्हणजे हाताने एकेक बी लावण्याची, थोडी जास्त मजुरी धरूनही तीन हजारांच्या आसपास. हा पैसा गेला तर जीव हळहळेल, पण सावकाराकडे जावं लागणार नाही. माझ्या मते नव्या गोष्टीला लागणारी हिंमत एवढीच असावी. तीही जड वाटत असेल तर दोन गुंठे करा आणि एक पाकीट तिघांत वाटून घ्या.

जागा निवडताना धुऱ्यालगतची (बांधाजवळची), झाडाखालची किंवा पाणी साचणारी नको. तुमच्या बहुतेक वावरासारखीच जमीन हवी. सघन पद्धत हलक्या ते मध्यम जमिनीसाठी आहे. मुरमाड रानात ऑक्टोबरपासून ओल तुटते आणि उशिरा लागलेली बोंडं भरतच नाहीत. दाट लागवडीत एका झाडाला 8-10 बोंडंच धरायची असतात. ती खोडाजवळ, लवकर आणि जवळपास एकाच वेळी लागतात. दोन-तीन वेच्यांत कापूस घरात येतो आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटता येते. फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेली कपाशी, न राहिल्यामुळे गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत खाद्य उरत नाही. 2017 साली या अळीने विदर्भाची काय दैना केली ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आखणी अशी करा. 33 फूट रुंद, 165 फूट लांब पट्टा म्हणजे बरोबर पाच गुंठे. तीन-तीन फुटांवर 11 तास (ओळी) पडतात आणि सहा-सहा इंचांवर टोबलं तर एका तासात 330 जागा, एकूण 3,630. एका जागी एकच बी. इथेच बहुतेकांचा हात चुकतो: सवयीने दोन बिया पडतात, पाकीट अर्ध्यात संपतं आणि विरळणी न झाल्याने झाडं उभट, बिनफांदीची वाढतात. 475 ग्रॅमच्या पाकिटात साधारण पाच हजारांहून अधिक बिया असतात. उरलेल्या त्याच दिवशी माती-शेणखत भरलेल्या छोट्या पिशव्यांत लावा. आठ-दहा दिवसांनी खाडे (न उगवलेल्या जागा) भरायला कामी येतील. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय नको. पावती आणि रिकामं पाकीट जपून ठेवा, उगवणीची तक्रार करायची झाली तर दोन्ही लागतात.

वाण उभट आणि लवकर येणारं घ्या. फांद्या पसरणारं वाण सहा इंचांवर लावलं तर तास एकमेकांत घुसतात, हवा खेळत नाही आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या झडीत (सततच्या पावसात) खालची बोंडं सडतात. चार फुटांच्या तासासाठी केलेला डवरा (कोळपणीचं औत) तीन फुटांत चालेल का, हे पेरणीआधीच लांबी मोजून पाहा. नाहीतर निंदणाची मजुरी सगळा हिशेब उलटा करेल.

वाढ आवरणं हा यातला सर्वांत नाजूक भाग. त्यासाठी मेपिक्वाट क्लोराईड फवारतात, पहिल्यांदा पात्या (कळ्या) लागताना, म्हणजे 40-45 दिवसांनी, आणि गरज वाटल्यास फुलोऱ्यात. मात्रा बाटलीवर छापली आहे तेवढीच. पावसाचा खंड पडून झाड आधीच थांबलेलं असेल तर फवारू नका, ते आणखी खुरटेल. 2017 मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. डोक्यापर्यंत वाढलेल्या पऱ्हाटीत फवारा थेट तोंडावर येतो, हे त्यामागचं एक कारण होतं. कमरेच्या आसपास राखलेली पऱ्हाटी फवारणाऱ्याच्या जिवासाठीही बरी. तोंडाला रुमाल आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा मात्र तरीही हवाच.

कामगंध सापळा लावा, मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग त्यात येतात. सलग तीन रात्री रोज 8 किंवा जास्त पतंग अडकले, किंवा 20 हिरवी बोंडं फोडून दोनांत अळी दिसली, की फवारणीची वेळ झाली. त्याआधी शेजारी फवारतोय म्हणून पंप उचलू नका.

आता तुलना. सघन पट्ट्याला लागून तेवढाच पट्टा तुमच्या जुन्या पद्धतीचा ठेवा: चार फुटांवर 8 तास, फूटभर अंतरावर टोबणी. वाण, पेरणीचा दिवस आणि गुंठ्यामागचं खत दोन्हीकडे सारखं. कडेच्या तासांना ऊन आणि ओल जास्त मिळते, म्हणून दोन्ही पट्ट्यांत दोन्ही कडांचा एकेक तास वजनात धरू नका. सघनचे मधले 9 तास उरतात, त्यांचं वजन गुणिले 9.8, जुन्याचे मधले 6 तास उरतात, त्यांचं वजन गुणिले 11. दोन्ही आकडे एकरी होतात. प्रत्येक वेचा वेगळ्या पोत्यात, एकाच काट्यावर, आणि वजन त्याच दिवशी वहीत. पट्टा बघून अंदाज बांधू नका, दाट पऱ्हाटी डोळ्याला नेहमीच भरघोस दिसते.

निकाल कशाला म्हणायचं ते पेरणीआधी घरात ठरवा, आणि टोबणी-वेचा करणाऱ्या बायांना त्या बोलण्यात घ्या, कारण मजुरीचा खरा अंदाज त्यांनाच असतो. वाढीव खर्च वजा जाऊन एकरी दीड-दोन क्विंटल जास्त मिळाला तर पुढच्या वर्षी एक एकर, एवढं साधं ठरवलं तरी पुरे. झडीने दोन्ही पट्टे गेले तर तो निकाल धरू नका. पुढच्या हंगामात पुन्हा तेवढंच करा.

गाव हसेल म्हणता, त्यावर माझं स्पष्ट मत आहे: पहिल्या वर्षी पट्टा रस्त्याकडे न घेता वावराच्या आतल्या अंगाला घ्या. यात लपवाछपवी काही नाही. रोजच्या टोमण्यांनी माणूस जुलैतच पट्टा मोडून टाकतो आणि वर्षभराचं शिकणं वाया जातं. बोलायचंच असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात बोला, किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिवार फेरीत उभं पीक पाहून या.

मागच्या वर्षीचं कर्ज अजून डोक्यावर असेल किंवा वावर मक्त्याचं (भाड्याचं) असून रक्कम आधीच भरली असेल, तर यंदा हे करू नका. ज्याने केलंय त्याच्या वावरात जाऊन बोंडं मोजा, वेच्याची वजनं विचारा. तेही शिकणंच आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

वावरात तीन-चार ठिकाणी खोदून मुरूम किती खोलीवर लागतो ते इथेच लिहा, आणि गेल्या वर्षी कोणतं वाण होतं तेही कळवा. दीड फुटाच्या आत मुरूम असेल तर पाच गुंठे करायला माझी संमती आहे. तीन फूट काळी माती असेल तर कपाशीऐवजी दुसरं काय करून बघता येईल ते बोलू.