वरिष्ठाने निर्णय द्यावा, पण त्याआधी काय?

नमस्कार. सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘दुसऱ्या ज्ञानशाखेच्या सहकाऱ्याशी मतभेद झाले तर आधी त्याचं म्हणणं समजून घ्या’ हा माझा सल्ला बोलायला बरा आहे, मुदत तोंडावर आली की वरिष्ठाने निर्णय द्यायचा आणि बाकीच्यांनी कामाला लागायचं.

निर्णय कुणीतरी एकानेच घ्यावा, हे मलाही मान्य आहे. सगळ्या विभागांचं एकमत होईपर्यंत थांबलो तर काहीच पूर्ण होणार नाही. पण नासाच्या चॅलेंजर या अंतराळयानाच्या उड्डाणाआधीची बैठक आठवून पाहा.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री यानाला वर ढकलणारे बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर फोनवरून नासाला सांगत होते, की थंडीत बूस्टरच्या सांध्यांमधून वायू गळू न देणाऱ्या रबरी कड्यांचा, म्हणजे ओ-रिंगचा, भरवसा नाही, सुमारे १२ अंश सेल्सियसच्या खाली उड्डाण नको. त्यांच्याकडची आकडेवारी अपुरी होती आणि नासाच्या व्यवस्थापकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. मग कंपनीतल्या एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला सांगितलं, की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. चार व्यवस्थापकांनी निर्णय घेतला, इंजिनिअरांना पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले.

तुम्ही म्हणता ते सगळं त्या बैठकीत झालं होतं. त्या इंजिनिअरांपैकी रॉजर बॉइजोली यांनी चौकशीत सांगितलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते: एरवी उड्डाण सुरक्षित असल्याचं सिद्ध करावं लागे, त्या रात्री मात्र ते असुरक्षित असल्याचं सिद्ध करा असा आग्रह होता. पुरावा कुणी द्यायचा आणि किती म्हणजे पुरेसा, यावरच दोन्ही बाजू वेगळ्या होत्या, आणि ते कुणी उघड बोललं नाही.

आपल्या रोजच्या कामात जीव जात नाहीत, भांडण मात्र हेच असतं. पाच वापरकर्त्यांना अडखळताना पाहिलं की डिझायनरची खात्री पटते. डेटावाल्यांना ते पाच किस्से वाटतात. कायदा विभागाला एका खटल्याची शक्यताही थांबायला पुरते. तिघंही प्रामाणिक असतात आणि प्रत्येकाला वाटतं, समोरचा मुद्दाम अडवतोय.

म्हणून मी सुचवलेला प्रश्न साधा आहे: ‘काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल?’ आणि स्वतःचं उत्तरही तिथेच द्यायचं. समोरून ‘काहीच नाही’ असं आलं, तर चर्चा लांबवू नका, खुशाल वरिष्ठांकडे जा.

वेळेचं म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया तपासणी यादीत चिरा देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि भूमिका सांगायची असते. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि नर्स आपापल्या शंका बोलून दाखवतात. त्याला काही मिनिटंच लागतात.

‘ज्याला अडचण असेल तो बोलेलच’ हे तुमचं वाक्य मात्र मला अजिबात पटत नाही. परक्या शाखेच्या खोलीत एकटा बसलेला माणूस सहसा गप्प राहतो. तुम्ही टीम चालवता. पुढच्या वेळी निर्णय देण्याआधी त्याला नावाने विचारा आणि त्याचा आक्षेप त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.