सातव्या आरमारातला काउबॉय

बीड जिल्ह्यात हजाराच्या वर शस्त्रपरवाने आहेत, ही बातमी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, मला फिनिक्समध्ये, माझ्याच परसात बसून वाचून दाखवली. जानेवारी 2025 चे दिवस. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येला महिना उलटला होता आणि कमरेला पिस्तूल लावलेल्या, हवेत बार काढणाऱ्या पोरांचे व्हिडिओ रोज नव्याने येत होते. देशमुखांचा खून गोळीने झाला नव्हता, पण चर्चा बंदुकांवर आली ती आलीच. अप्पांनी मोबाइल पालथा ठेवला. "माका एका ठासणीच्या बंदुकीसाठी किती फेरे मारूचे लागतत, ठावक आसा?"

ठाऊक आहे. आजोबांच्या वेळेपासूनची बंदूक, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. वानर आणि रानडुक्कर यांच्यापलीकडे तिने कुणाला पाहिलेले नाही. निवडणूक जाहीर झाली की ती गोणपाटात गुंडाळून पोलिस ठाण्यात जमा करायची आणि पावती देवघरात ठेवायची. गेल्या विधानसभेला आचारसंहिता लागली ती ऐन भातकापणीत. डुकरांना आचारसंहिता नसते. बंदूक सोडवून घरी आणली, तेव्हाच अप्पा अमेरिकेच्या विमानात बसले.

परदेशात राहणाऱ्याला या वादात दोन्ही बाजू साक्षीला ओढतात. गावच्या ग्रुपवर चुलतभाऊ लिहितो, "तिकडे बघा कसं मोकळं आहे, म्हणून कोण कुणाच्या वाटेला जात नाही." पुण्याच्या मित्रांचे म्हणणे, "आपलं अमेरिका होतंय." दोघांनीही माझा शेजारी पाहिलेला नाही.

शेजारी 74 वर्षांचा आहे, अमेरिकन नौदलातून निवृत्त झालेला. महिन्यातून एकदा तो उंच टोपी, जाकीट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट चढवतो, चार बंदुका लाकडी गाडीत रचतो आणि फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी मैदानावर जातो. खेळाचे नाव काउबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. 1980 च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झालेला हा खेळ सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी चालवते. हत्यारे एकोणिसाव्या शतकातली किंवा त्या घडणीची हवीत: दोन रिव्हॉल्व्हर, लिव्हरची रायफल आणि एक शॉटगन. शेजाऱ्याची रिव्हॉल्व्हरे 1873 च्या कोल्टसारखी दिसतात, पण घडवलेली इटलीत. कपडे त्या काळातले आणि प्रत्येकाला एक टोपणनाव. त्याचे सांगत नाही, कारण एक नाव एकाच सदस्याला मिळते. सांगितले की माणूस सापडलाच. घोडा मात्र नाही. असलाच तर बंदुकीचा.

अप्पांना घेऊन गेलो. प्रेक्षकांनाही चष्मा आणि कानावर मफ सक्तीचे. अप्पांनी श्रवणयंत्रे काढून खिशात टाकली आणि खुणेने सांगितले, आता मफ कशाला? नौदलातल्या बॉयलररूमने त्यांचे कान केव्हाच घेतलेत. तरी मफ घालावाच लागला.

बार वाजू लागले तसा पांढरा धूर मैदानभर पसरला. शेजारी काळ्या दारूच्या गटात खेळतो, आधुनिक बिनधुराच्या नाही. अप्पांनी नाक वर केले. "आपल्या बंदुकीचो वास येता." पोलादी पाट्या दहा-पंधरा पावलांवर, त्यामुळे नेमबाजी म्हणून फार अवघड नाही, सगळा खेळ घड्याळाशी. एक नेम चुकला की वेळेत पाच सेकंदांची भर. रिव्हॉल्व्हरला सहा घरे, पण गोळ्या पाचच भरायच्या. जुन्या घडणीत घोडा सहाव्या गोळीवर टेकलेला असला आणि पिस्तूल हातातून पडले तर बार उडू शकतो, म्हणून ते घर रिकामे.

मला पाहायला आवडते ते मात्र शेवटचे टेबल. खेळून झाले की प्रत्येकाने तिथे यायचे, नळ्या सुरक्षित बाजूला, रायफल आणि शॉटगन उघड्या. त्या दिवशी टेबलाशी सत्तरीची एक बाई होती, घोळदार झग्यात, चष्मा नाकाच्या टोकावर. शेजाऱ्याने रिव्हॉल्व्हर रिकामे केले आणि चक्र एकेक घर फिरवत तिच्यापुढे धरले. तिने सहाही घरे पाहिली. मग दुसरे रिव्हॉल्व्हर, पुन्हा सहा. मग मान हलवली. तो तिला चाळीस वर्षे ओळखत असेल, पण त्याचा शब्द तिथे चालत नाही. भरलेली बंदूक हातातून पडली तर त्या दिवसाचा खेळ संपला. नळी ठरलेल्या कोनाबाहेर वळली तर ती फेरी बाद.

एवढी काटेकोर सवय कुठून, असे मी त्याला पूर्वी विचारले होते. तो 'एंटरप्राइझ' या विमानवाहू जहाजावर लाल शर्टातला, म्हणजे विमानांना बॉम्ब आणि रॉकेट लावणाऱ्यांतला. तो जहाजावर येण्याआधी, 14 जानेवारी 1969 ला, हवाईजवळ त्या डेकवर आग लागली होती. विमानाचे इंजिन सुरू करणाऱ्या गाडीच्या धुराड्याची गरम हवा एका रॉकेटवर लागत राहिली. रॉकेट फुटले, मग एकामागून एक बॉम्ब. 28 माणसे गेली. नव्या पोरांना पहिल्या दिवसापासून तेच ऐकवले जाई, असे तो म्हणाला. बढाई मारत नव्हता. हात पुसत होता.

मैदानावरच्या बाकावर त्याच्या तोंडी जहाजाचे नाव निघाले आणि अप्पा ताठ झाले. यंत्रे पुन्हा कानात. डिसेंबर 1971 च्या बांगलादेश युद्धात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून 'एंटरप्राइझ'ला बंगालच्या उपसागराकडे पाठवले. आमच्या पिढीने लहानपणी ऐकलेले 'सातवे आरमार' ते हेच. आणि अप्पा त्याच उपसागरात 'विक्रांत'च्या पोटात होते, 22 वर्षांचे. वर डेकवरून विमाने चितगाव आणि कॉक्स बाजारवर जात होती; खाली अप्पांना आकाश दिसत नव्हते.

"तेका इचार, तुमचे बॉयलर किती?"

मी विचारले. शेजारी म्हणाला, बॉयलर नव्हेत, अणुभट्ट्या. आठ.

अप्पांनी ते पचवले. "आमचे चार. त्यातलो एक तडकलेलो."

भाषांतर पोचल्यावर शेजारी इतका हसला की टोपी पडली. मग तो म्हणाला, आम्हाला एवढेच सांगितले होते की ढाक्यातल्या अमेरिकनांना सोडवायला जायचे आहे. तुम्ही समोर आहात हे आम्हा पोरांना कुणी सांगितले नाही. 16 डिसेंबरला ढाका शरण आले आणि बॉम्ब लावायची वेळ आली नाही. दोन्ही जहाजे 1961 मध्येच नौदलात दाखल झालेली, हे त्या बाकावरच लक्षात आले. 'विक्रांत'चे 2014 नंतर दारूखाना या मुंबईतल्या जहाजतोडणीच्या धक्क्यावर तुकडे झाले, हे ऐकून त्याने विचारले, संग्रहालय नाही केले? केले होते, मुंबईतच, पण टिकवता आले नाही. भंगाराच्या पोलादातून निघालेली मोटारसायकल माझ्या थोरल्या भावाने हौसेने घेतली. अप्पा तिच्यावर कधी बसले नाहीत.

आता चुलतभावासाठी. माझा शेजारी पाच गोळ्या भरतो तो त्या मैदानाच्या कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर कायदा त्याच्याकडून काहीच मागत नाही. अ‍ॅरिझोनात 2010 पासून 21 वर्षांवरील माणसाला पिस्तूल लपवून बाळगायलाही परवाना लागत नाही. त्याच्या घरात किती बंदुका आहेत हे सरकारला माहीत नाही, मलाही नाही. माझी तिसरीतली मुलगी शाळेत दिवे घालवून, आवाज न करता भिंतीशी बसायचा सराव करून येते आणि जेवताना सहज सांगते. 2021 मध्ये या देशात 48,830 माणसे बंदुकीने मेली, त्यांतली निम्म्याहून अधिक स्वतःच्या हाताने. शेजाऱ्याचा जहाजावरचा एक मित्र त्या मार्गाने गेला. ते तो एकदाच बोलला, एका वाक्यात. तेव्हा "मोकळं आहे म्हणून सुरक्षित आहे" हे मला सांगू नकोस.

आणि पुण्याच्या मित्रांनो, बीडचा रोग अमेरिकेतून आलेला नाही. बीडमध्ये कायदा होताच. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला दोनच बंदुका ठेवल्या आणि हौसेखातर हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड लावला. पिस्तुले तरी कागदोपत्री रीतसरच मिळाली. कुणाच्या तरी फोनवर मिळाली, असे माझे मत. लग्नाच्या वरातीत, वाढदिवसाच्या केकजवळ ती चमकली तेव्हा सहा घरे मोजणारी ती चष्मेवाली बाई तिथे नव्हती. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या पोलिस ठाण्यातच गोळीबार झाला आणि गुन्हा दाखल झाला तो एका आमदारावर. व्यवस्था कडक आहे ती अप्पांच्या ठासणीच्या बंदुकीशी.

मला दोन्हीकडे हवे आहे ते एकच टेबल. परवाना हवा असेल तर आधी सहा महिने मैदानावर या, दुसऱ्याच्या नजरेखाली बंदूक रिकामी करून दाखवा. आपल्याकडे हे अशक्य नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पॅरिसमध्ये पदक मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे: एकट्या कोल्हापूर जिल्ह्याने देशाला इतके नेमबाज दिले. 2016 च्या शस्त्रनियमांत प्रशिक्षणाची अटही आहे. आमच्या तालुक्यात ते प्रशिक्षण घेतलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. यावर चुलतभावाचे उत्तर आले: "म्हणजे शेतकऱ्याला अजून एक फेरा." त्याला माझ्याकडे जवाब नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याने अप्पांच्या तळहातावर एक रिकामी पुंगळी ठेवली, .45 कोल्टची, दारूने आतून काळी पडलेली. अप्पांनी ती रुमालात बांधून बॅगेत ठेवली. रात्री ते झोपल्यावर मी काढून घेतली. भारतातल्या विमानतळावर सामानात रिकामे काडतूस सापडले तरी माणसाला बाजूला घेतात, आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला मालवणीतून ते समजावून सांगायला मी तिथे नसणार.

घरी पोचल्याचा फोन आला तो दोन वाक्यांचा. प्रवास बरा झाला.

"आणि माझी पुंगळी खंय गेली?"