साडेसदतीस टक्के, पण कशावर?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज वाचला आणि तेव्हापासून डोकं तडकलंय. ऑफिसात पण धड लक्ष लागलं नाही म्हणून शेवटी इथे लिहायला बसलेय. लांब होणार आहे, आधीच सांगते.

आमच्या वॉचमन काकांनी पगार 14,000 करा म्हणून अर्ज दिलाय. वहीचं पान फाडून लिहिलेला, वर मधोमध "विनंती अर्ज", खाली सही. कमिटीतल्या कोणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला, त्यावर एका मेंबरचा मेसेज आला, "ह्यांचा पगार 9,000 होता, आज 12,375 आहे. म्हणजे साडेसदतीस टक्के वाढ दिलीये आपण! आपल्यापैकी कोणाला मिळाली एवढी? ह्या लोकांचं कितीही केलं तरी भागत नाही." आणि खाली धडाधड अंगठे.

आकडा बरोबर आहे हो. 9,000 चे 12,375 म्हणजे 3,375 वाढले, भागिले 9,000, गुणिले 100, साडेसदतीस. कॅल्क्युलेटर खोटं बोलत नाही. पण ते 9,000 आले कुठून ते सांगा ना.

2020 च्या मार्चपर्यंत काकांना 12,000 होते. लॉकडाऊन लागला, लोकांचा मेंटेनन्स थकला, कमिटीने पगार 25 टक्के कापला. 12,000 चे 25 टक्के 3,000, हातात राहिले 9,000. तेव्हा सोसायटीकडे खरंच पैसे नव्हते, हे मान्य, त्याबद्दल मी आजही भांडत नाहीये. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये नोटीस बोर्डवर कागद लागला, पगारात 25 टक्के वाढ करून कपात पूर्णपणे मागे घेण्यात येत आहे. पूर्णपणे! 9,000 चे 25 टक्के होतात 2,250. पगार झाला 11,250. म्हणजे "पूर्णपणे" परत देऊनही दर महिन्याला 750 रुपये कमीच.

हे सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं असेल तर काकांच्या. मी पार्सल घ्यायला खाली गेले होते, त्यांनी वरच्या खिशातून छोटी डायरी काढली, कुठल्यातरी बँकेची फुकट मिळालेली, कोपरे मऊ झालेले. त्यात दर महिन्याचा पगार निळ्या पेनाने. 12000 ची रांग, मग 9000 ची रांग, मग 11250, आणि त्याच्या शेजारी एक बारीकसं प्रश्नचिन्ह. म्हणाले, "ताई, पंचवीसच कापले होते ना? मग पंचवीसच परत दिले तर हे कमी कसे?" मी तिथेच टेबलावरच्या रजिस्टरच्या मागे मांडून दाखवलं. कापले ते बारा हजारावर, दिले ते नऊ हजारावर. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे बारा व्हायला किती टक्के पाहिजे होते?" तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश, म्हटलं. 3,000 भागिले 9,000. त्यांनी तोही आकडा डायरीत लिहून घेतला, कोणाकडे तक्रार मात्र केली नाही.

मी तेव्हा सेक्रेटरींना सांगितलं होतं, ते म्हणाले "वहिनी, 25 ला 25 दिलेत, हिशोब फिट्ट आहे" आणि विषय संपवला.

अहो फिट्ट कसला! टक्का हवेत लटकत नसतो, तो कशाचा तरी असतो. कमी केलं की खालचा आकडा लहान होतो, त्या लहान आकड्यावर तेवढेच टक्के दिले की रुपये कमीच येणार. 10 टक्के कापले तर भरून यायला 11.11 टक्के लागतात, 20 कापले तर 25, 25 कापले तर 33.33, आणि अर्धे कापले तर शंभर टक्के, म्हणजे दुप्पट. गुणाकार करून बघा, 0.75 गुणिले 1.25, येतात 0.9375. म्हणजे सव्वासहा टक्के कायमचे गेले. आणि आधी वाढवून मग कापले तरी तेच, 100 चे 125 आणि 125 चे पुन्हा 93.75. सहावी-सातवीची शेकडेवारी आहे ही, आपल्या सगळ्यांची मुलं करतात.

आणि मला राग ह्याचाच येतोय की आमच्या बिल्डिंगमधल्या लोकांना हे सगळं पक्कं येतं. स्वतःच्या पैशाचा विषय निघू दे, मग बघा. शेअरबाजारवाले आहेत ना आमच्याकडे, 2008 चं अजून सांगतात, जानेवारीत सेन्सेक्स 21,000 च्या वर होता आणि ऑक्टोबरपर्यंत 8,000 च्या खाली गेला, "साठ टक्क्यांच्या वर पडला, पण परत तिथे जायला दीडशेच्या वर चढावा लागला, 2010 ची दिवाळी उजाडली." अगदी बरोबर. मग हेच गणित गेटवर बसणाऱ्या माणसाला लावताना कुठे जातं?

रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, मे 2022 पासून फेब्रुवारी 2023 पर्यंत 4 वरून साडेसहावर गेला तेव्हा पेपरात "अडीच टक्के वाढ" छापून यायचं, आणि ग्रुपवर आरडाओरडा की अडीच टक्के कसले, हप्ता बघा! बरोबरच होतं. 20 लाखांचं 20 वर्षांचं कर्ज पावणेसात टक्क्यांवरून सव्वानऊवर गेलं की हप्ता साधारण 15,207 वरून 18,317 होतो, जवळजवळ साडेवीस टक्के जास्त. दर अडीच अंकांनी वाढला पण खिशाला वीस टक्क्यांची चाट. तेव्हा प्रत्येक जण रुपयात बोलत होता, टक्क्यात कोणीच नाही.

आणि आज सकाळी ज्यांनी तो साडेसदतीसचा मेसेज टाकला ना, त्यांचंच ऐका. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी शून्य झाला. ह्यांचा प्रीमियम 23,600 होता, तो झाला 20,000. ह्यांचं म्हणणं, 18 टक्के कर गेला तर 23,600 चे 18 टक्के म्हणजे 4,248 कमी व्हायला हवेत, कंपनीने 648 रुपये खाल्ले. रात्री उशिरापर्यंत ग्रुपवर तोच विषय. शेवटी मीच लिहिलं की काका, कर 20,000 वर होता, 23,600 वर नाही, 118 मधले 18 गेले की 15.25 टक्केच कमी होतात, कंपनीने काही खाल्लं नाहीये. तेव्हा त्यांनी मोकळेपणाने "हो बरोबर, लक्षात आलं" लिहिलं, ते मला आवडलंही होतं.

म्हणजे कशावर मोजायचं हा प्रश्न त्या माणसाला त्या दिवशी कळला होता. वर्षातून एकदा येणाऱ्या 648 रुपयांसाठी कळला होता. आणि काकांचे दर महिन्याचे 750?

बरं, ते 750 तरी 750 राहिले का? एप्रिल 2023 मध्ये 10 टक्के वाढ दिली, कमिटीने कौतुकाने जाहीर केली. 11,250 चे झाले 12,375. कपात खरोखर मागे घेतली असती तर 12,000 चे 13,200 झाले असते. आता तूट 825. पुढे दर वेळी वाढ मिळेल तशी तीही वाढणार, कारण प्रत्येक टक्का त्याच चुकलेल्या आकड्यावर बसणार. एका गॅस सिलेंडरच्या आसपासची रक्कम आहे ही, दर महिन्याला, एका घरातून.

आता साडेसदतीसकडे या. 12,000 पासून मोजा. 12,375 म्हणजे 375 रुपये वाढ, सव्वातीन टक्के सुद्धा नाही, 3.125. 2020 पासून आजपर्यंत! तोच माणूस, तोच पगार, एकीकडून मोजलं की साडेसदतीस आणि दुसरीकडून मोजलं की तीन. आपणच कापलेल्या पगारापासून मोजायला सुरुवात करायची आणि मग उदारपणा मिरवायचा, हे मला सहन होत नाही.

महागाईचं तर कोणी नावच काढत नाही. आमच्याकडे केंद्र सरकारातून रिटायर झालेले दोन-तीन काका आहेत, महागाई भत्ता त्यांना तोंडपाठ. 2020 च्या सुरुवातीला 17 टक्के होता, जुलै 2025 मध्ये 58 झाला. लोक म्हणतात 41 टक्के वाढला, तसंही नाही, 100 रुपये मूळ धरले तर 117 चे 158 झाले, म्हणजे 35 टक्के. आणि हे नुसतं महागाई भरून काढायला, बढती नाही की बक्षीस नाही. तो हिशोब काकांच्या 12,000 ला लावला तर 16,200 होतात. ते मागतायत 14,000. एवढंच मागतायत!

थोडं शांत होऊन लिहिते. आमची कमिटी लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. बिनपगारी काम करतात बिचारे, टाकी, लिफ्ट, पार्किंगची भांडणं सगळं तेच बघतात, आणि 25 ला 25 हे कोणालाही बरोबरच वाटतं, मनात काळंबेरं नसतानाही. ज्यांनी मेसेज टाकला तेही कोविडात काकांच्या घरी औषधं पोचवणारे गृहस्थ आहेत. हे विसरून चालणार नाही. पण चांगल्या मनाने केलेल्या वजाबाकीतूनही 825 रुपये जातातच ना.

आणि "ह्या लोकांचं भागत नाही" ह्याला मात्र मी शांतपणे घेणार नाही. तुम्ही माझ्या लिस्टमधले लोक असं कधी बोलणार नाही हे मला माहितीये म्हणून इथे लिहितेय. ज्या माणसाने डायरीत प्रश्नचिन्ह काढून वर्षं काढली, एका शब्दाने आवाज चढवला नाही, त्याला हावरट म्हणायचं?

तर मी सगळं मांडून सेक्रेटरींना मेल केलाय. आधी मूळ पगार 13,200 धरा, मग वाढीचं बोला. आणि फरक द्या. नोव्हेंबर 2021 ते मार्च 2023 चे 17 महिने 750 प्रमाणे 12,750, एप्रिल 2023 ते डिसेंबर 2025 चे 33 महिने 825 प्रमाणे 27,225, एकूण 39,975. लॉकडाऊनमधली कपात मी त्यात धरलेलीच नाही. 80 फ्लॅट आहेत आमचे, घरटी 500 रुपये पण पडत नाहीत.

रविवारी मीटिंग आहे. आमच्या बिल्डिंगमधले जे हे वाचतायत त्यांनी कृपा करून या, नुसता लाईक ठोकून गप्प बसू नका. आणि बाकीच्यांनी आपापल्या सोसायटीचं 2020 चं रजिस्टर काढून बघा, तुमच्याकडेही "कपात मागे" घेतली असेल तर किती टक्के परत दिले ते कमेंटमध्ये लिहा, फरक किती निघतो ते मी काढून देते.