क्रिएटिनिन दीडच आहे ना? मग चहा टाका!

रिपोर्ट हातात पडला की घाबरून जाऊ नका. बाकीची पानं उलटून थेट क्रिएटिनिनच्या ओळीवर या. स्नायूंतून निघणारा हा कचरा, किडनी थकली की रक्तात साठतो. दीड? दीडच? मग रिपोर्टची घडी घाला, कपाटात साड्यांखाली सरकवा आणि चहा टाका. किडनीच्या माणसाने भ्यावं अशी जगात एकच गोष्ट आहे, डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त गाळून घेणं. आणि ते लागतं क्रिएटिनिन आठ-नऊ झाल्यावर. हे तुमच्या भावोजींना पक्कं ठाऊक आहे, कारण त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांचं नऊ होतं.

आमच्या नानाकाकांनी हे व्रत दहा वर्षं पाळलं. दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन करायचं आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, लिहून ठेवायचा. उद्या डायलिसिसची वेळ आलीच तर पोरापुढे हात पसरायला नको म्हणून त्यांनी पाच लाखांची एफडीही करून ठेवली होती. त्या एफडीचं पुढे येईलच.

क्रिएटिनिनच्या खाली बारीक अक्षरांत ईजीएफआर म्हणून काहीतरी छापलेलं असतं, किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. तिकडे अजिबात बघू नका. साठ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन दीड असेल तर हा आकडा साधारण 53 येतो. साठ वर्षांच्या बाईचं तेच दीड असेल तर 40. आकडा तीन महिन्यांहून जास्त काळ 60 च्या खाली राहिला तर त्याला किडनीचा जुनाट आजार म्हणतात. दीड तोच, मग बाईचा आकडा एवढा खाली कसा, असं डॉक्टरांना विचारायला जाल तर स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं वगैरे ऐकून घ्यावं लागेल. तसाही आपल्या घरांत बाईचा रिपोर्ट काढतंय कोण! तिचा नंबर लागतो तो तिच्या पायाला सूज आल्यावर, आणि तीही आधी चपलेच्या पट्ट्यावर ढकलली जाते.

कॅलिफोर्नियातल्या 11 लाखांहून अधिक लोकांचा हिशेब 2004 मध्ये छापून आला होता. ज्यांचा आकडा 45 ते 59 होता, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे 'दीडच' वाले, त्यांना हार्ट अटॅक, पॅरालिसिस, हार्ट फेल्युअर असल्या गोष्टींचा धोका धडधाकट लोकांपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त निघाला. आकडा 15 ते 29 वर आला की धोका 2.8 पट, आणि 15 च्याही खाली गेला की 3.4 पट. आजाराच्या मधल्या टप्प्यातल्या बहुतेकांचा डायलिसिसच्या खुर्चीपर्यंत नंबरच लागत नाही, त्याआधीच माणूस जातो, आणि बऱ्याचदा जातो तो हृदयाने नाहीतर मेंदूने. पण ते अमेरिकन, चीज खाणारे. आपण वरणभातावर तूप घेतो.

लघवीची तपासणी तर मुळीच करू नका. आधीच ती छोटी बाटली घेऊन लॅबच्या जिन्यात उभं राहायचं म्हणजे लाजिरवाणं. लंडनच्या गाइज हॉस्पिटलातल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरला कसलीच लाज नव्हती. हा गृहस्थ चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवायचा आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखं काही गोठतंय का ते बघायचा. 1827 मध्ये त्याने लघवीतलं प्रोटीन, अंगावरची सूज आणि बिघडलेली किडनी यांची सांगड घातली. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण 1836 मध्ये त्याने असंही लिहिलं की या रोग्यांची शरीरं उघडल्यावर हृदयंही मोठी झालेली सापडतात. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्याकडे अजून फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यापर्यंत पोचायची आहे, वाटेत ट्रॅफिक असेल.

सोसायटीत राहणाऱ्याला यातली गोम चटकन कळेल. सगळ्या इमारतीची पाइपलाइन एकाच कंत्राटदाराने टाकलेली असते. तिसऱ्या मजल्याच्या बाथरूममध्ये ओल दिसली की पहिल्या मजल्यावरचा शहाणा माणूस आपलंही छत तपासून घेतो. किडनीतल्या केसाएवढ्या वाहिन्यांतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रोटीन, लघवीत झिरपायला लागलं, म्हणजे मेंदूतल्या आणि हृदयातल्या वाहिन्याही त्याच कंत्राटदाराच्या. वर किडनीला फॉस्फेट बाहेर टाकणं जमेनासं झालं की रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसायला लागतं, गिझरच्या कॉइलवर क्षार बसावेत तसं. हे सगळं कळूनही आपण काय करायचं? रंग मारायचा.

आता बीपी. ते रिक्षातून उतरून, दोन जिने चढून, शर्टाच्या बाहीवरूनच मोजून घ्या. जास्त आलं तर 'आत्ताच चालून आलो ना' म्हणा आणि कमी आलं तर गोळी बंद करा. गोळीमुळे कमी आलं असेल, ही शंका मनात आणू नका. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनसारखी किडनी राखणारी बीपीची गोळी सुरू केली आणि महिन्याभरात क्रिएटिनिन दीडवरून 1.7 झालं, तर तीच संधी. सुरुवातीला 30 टक्क्यांपर्यंतची अशी वाढ चालते असं तज्ज्ञांचे नियम सांगतात, पण नियम तज्ज्ञांसाठी. तुम्ही 'गोळीनेच किडनी गेली' असं म्हणून ती गोळी खिडकीतून फेका आणि जिन्यातल्या चार जणांना सांगा. नानाकाकांनी आमच्या अख्ख्या बिल्डिंगची गोळी सोडवली होती.

गुडघे दुखतात? मग मेडिकलवाल्याकडे चला. तो चिठ्ठी मागत नाही, पट्टी कापून दोन-दोन गोळ्या देतो आणि सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट. इथे गिधाडांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांच्या किडन्या बंद पडल्या आणि बघता बघता आभाळ रिकामं झालं. शेवटी 2006 मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. गिधाडांचं नशीब. तुमच्यासाठी मात्र ते कोपऱ्यावरच्या दुकानात रात्री अकरापर्यंत उपलब्ध आहे. असल्या वेदनाशामकांनी अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, किडनी खालावते, हार्ट अटॅक आणि पॅरालिसिसचीही शक्यता वाढते. एका पट्टीत एवढी कामं करणारी दुसरी कुठली गोळी दाखवा बरं!

मिठाच्या बाबतीत तुम्ही आधीच निर्दोष आहात, कारण 'आम्ही वरून मीठ घेतच नाही.' जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. तो चमचा पानातल्या डाव्या बाजूनेच संपतो. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी. शिवाय घरात सैंधव आणलं आहे, त्याने काही होत नाही, कारण ते गुलाबी असतं. फारच पथ्य पाळायचं असेल तर दुकानातून 'लो सोडियम' मीठ आणा. त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. दुबळ्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही आणि वाढलं की हृदयाचा ठेका चुकतो. पण पाकिटावर हृदयाचं चित्र आहे म्हटल्यावर हृदयाने समजून घ्यायला हवं.

कोलेस्टेरॉलच्या गोळीची घाई नको. 2011 मध्ये 9000 हून जास्त किडनीच्या रुग्णांवरच्या चाचणीत त्या गोळीने हृदयाचे-मेंदूचे झटके कमी झालेले दिसले. तुम्ही मात्र डायलिसिसपर्यंत वाट बघा आणि तेव्हा सुरू करा. तोवर उशीर झालेला असतो आणि गोळीचा फारसा उपयोग होत नाही, हेही 2005 आणि 2009 च्या दोन चाचण्यांत दिसलं आहे. म्हणजे मग पुन्हा बंद करायला मोकळे. डॅपाग्लिफ्लोझिन हे मूळचं शुगरचं औषध लिहून दिलं तर 'मला शुगर कुठे आहे?' म्हणून चिठ्ठी परत करा. शुगर नसलेल्या किडनीवाल्यांनाही ते उपयोगी पडतं हे 2020 मध्ये कळलं. मधल्या काळात ते स्वस्तही झालं. एवढं स्वस्त औषध चांगलं कसं असेल?

आणि समजा, आलंच डायलिसिस. मग तर सुटलात, मशीन सगळं बघून घेतं. 1960 मध्ये सिएटलला क्लाइड शील्ड्स नावाच्या कामगाराच्या हाताला टेफ्लॉनची नळी बसवली, आणि वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगता येतं हे जगाला पहिल्यांदा दिसलं. तो दहा वर्षांहून अधिक जगला. गेला कशाने? हार्ट अटॅकने. तेव्हा भाचीच्या हळदीसाठी एखादा डायलिसिस बुडवायला काहीच हरकत नाही. आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांतसुद्धा मधल्या दोन दिवसांच्या खंडानंतरचा दिवस सगळ्यात वाईट जातो, त्या दिवशी मृत्यूही जास्त आणि हृदयाचे-मेंदूचे झटकेही जास्त, असं 2011 मध्ये छापून आलं. आपल्याकडे तर पुष्कळांचं आठवड्यातून दोनदाच होतं. त्यांना खंड मोजायची सवय आहे.

राहता राहिला पॅरालिसिस. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर आधी कारण शोधा. नानाकाकांच्या हातून रविवारी सकाळी साडेसातला चहाचा कप निसटला. काकू म्हणाल्या, "रात्रभर पंख्याखाली झोपलात, हवा लागली." मग कोमट तेलाने उजवा हात चोळला. शेजारचे आप्पा कबुतर आणायला गेले, कबुतराचं ताजं रक्त लावलं की लकवा उतरतो म्हणून. कबुतर मिळालं नाही, हा त्या दिवसातला एकमेव चांगला निर्णय, तोही कबुतराने घेतलेला. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, पण चाकणहून मुलगा आल्याशिवाय हॉस्पिटलात न्यायचं कसं? सह्या कोण करणार? दीड वाजता पोचलो. रक्त तपासलं. भावोजी कॉरिडॉरमध्ये रिपोर्ट हातात घेऊन आले आणि सगळ्यांना म्हणाले, "किडनी एकदम ओके आहे. 1.6 फक्त."

फिजिओथेरपी, डायपर, दिवसभराची बाई असा खर्च सुरू झाल्यावर एफडी मोडायचं ठरलं. फॉर्म भरला. नानाकाकांनी डाव्या हाताने सही केली, ती जुळेना. अंगठा चालेल का म्हणून विचारलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "चालेल की. दोन साक्षीदार आणा, डॉक्टरांचं पत्र आणा, आणि काकांना प्रत्यक्ष यावं लागेल. पण आमची लिफ्ट बंद आहे हं."