गटातले जुने आणि गटातले नवे: एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, कापूस उत्पादकांचे व्हॉट्सॲप गट जुन्या मित्रांच्या कोंडाळ्यामुळे वाढत नाहीत, असं मी लिहिलं. त्यावर तुम्ही म्हणता, "ते सात-आठ जण नसते तर गट केव्हाच बंद पडला असता. बाकीचे नुसते वाचतात."

पहिलं म्हणणं पूर्ण मान्य. रात्री उशिरा फवारणीचा सल्ला देणारे, भांडण लागलं की दोघांनाही फोन करून समजावणारे तेच असतात. एकमेकांच्या लग्नकार्याला जाणाऱ्यांत जो भरवसा असतो, त्याच्याशिवाय गट उभाच राहत नाही.

पण बाकीचे का बोलत नाहीत, तेही पाहा. आमच्या गटावर एका नव्या पोराने पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, फुलाचा फोटो टाकला. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या. "हे काय होय?" डोमकळी होती ती, आत गुलाबी बोंडअळी बसलेली. ओळखणारे तिघे-चौघे तेव्हा गटावरच होते. पण कोणाच्या तरी बैलखरेदीवरून थट्टा रंगली होती, ती तशीच चालू राहिली. पोराने पुन्हा काही विचारलं नाही.

यात नुकसान सगळ्यांचं आहे. बोंडअळीचा पतंग धुरा, म्हणजे शेताचा बांध, पाहून थांबत नाही. २०१७ मध्ये बोंडअळी पसरली तेव्हा विदर्भाने ते भोगलं. तुम्ही आठ जणांनी डिसेंबरनंतर फरदड घेतली नाही, म्हणजे जुनंच पीक पुढे राखलं नाही, आणि शेजारच्या शिवारात पऱ्हाटी मार्चपर्यंत उभी राहिली, तर अळी तुमच्याकडेही येणारच. म्हणून तो अनोळखी शेतकरी गटात हवा, आणि बोलता हवा. शिवाय नवी खबर त्याच्याकडूनच येते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७३ च्या अभ्यासात दिसलं, की ओळखीतून नोकरी लागलेल्या बहुतेकांना तिची माहिती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून मिळाली होती. जवळच्यांना सहसा आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं.

जुनी दोस्ती मोडा, असं माझं म्हणणं नाही. थट्टेसाठी मित्रांचा गट वेगळा काढा. मोठ्या गटात ज्याने-त्याने आपल्या कामगंध सापळ्यातले (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) पतंग मोजून आकडा टाकावा. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ-आठ पतंग आले, की फवारणीची वेळ झाली. आकडा टाकायला जुनी ओळख लागत नाही, त्यामुळे नवा माणूसही पहिल्याच दिवशी बोलू शकतो.

पेरणीनंतर दीड महिन्याने सापळे लागतील. त्याआधी, ज्यांनी आजवर एक ओळही लिहिली नाही अशांना तुम्हीच फोन करा. तुमचा शब्द तिथे चालतो.