त्यांच्या गावाला दवाखाना नाही का?

सकाळपासून डोकं सणकलंय. नातेवाईकांच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं, कोरोनात आफ्रिकेला फुकट लसी दिल्या तर त्यांनी जाळून टाकल्या, या लोकांची लायकीच नाही म्हणे. आणि खाली आपल्याच माणसांचे अंगठे. शिकली-सवरलेली माणसं हो!

हो, मलावीने जाळल्या, मे २०२१ मध्ये, १९,६१० डोस. पण आले किती होते ते लिहा की. १ लाख २ हजार. आणि हातात पडले तेव्हा एक्सपायरीला जेमतेम अडीच आठवडे उरलेले. तेवढ्यात त्यांनी ८० टक्के टोचूनही टाकले. आपल्या तालुक्याला जमलं असतं का?

मला तर आमचा सालदार, म्हणजे वर्षभरासाठी शेतावर ठेवलेला गडी, तोच आठवला. तोच मे महिना, १८च्या वरच्यांना लस नुकतीच सुरू झालेली, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रात डोस आलेत असं कळलं म्हणून हा केळीचं पाणी भरणं टाकून पहाटेच जाऊन बसला, जवळ साधा बटणाचा फोन, आणि सिस्टर म्हणे ऑनलाइन बुकिंग दाखवा. त्याच्या डोळ्यासमोर नाशिक-पुण्याच्या पासिंगच्या गाड्या आल्या, माणसं उतरली, मोबाइल दाखवला, लस घेतली, निघून गेली. शहरात स्लॉट मिळेना म्हणून आमचे बुक केलेले. संध्याकाळी मला विचारतो, "दादा, त्यास्ना गावले दवाखाना नही का?" काय सांगणार होतो मी त्याला?

जगात पण हेच झालं. लस तयार व्हायच्या आधीच श्रीमंत देशांनी बुकिंग करून टाकलं, कॅनडाने तर स्वतःच्या लोकसंख्येला कितीतरी वेळा पुरतील एवढे डोस. गरीब देशांना लस पोचवायला कोव्हॅक्स नावाची जागतिक योजना काढली, २०२१ संपेपर्यंत २०० कोटी डोस देणार होते, १०० कोटीसुद्धा झाले नाहीत. आणि दर बघा, आपल्याच पुण्यात तेव्हा बनणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीला दक्षिण आफ्रिकेने डोसमागे सव्वापाच डॉलर मोजले, युरोपला तीच लस सव्वादोनच्या आत. गरिबाला डबल भाव! वर कारण काय, तर संशोधनाला पैसा युरोपने घातला होता.

बरं, मार्च २०२१ नंतर आपणही एक्स्पोर्ट थांबवला आणि त्याचा फटका आफ्रिकेलाच बसला, मान्य. इथे माणसं ऑक्सिजनवाचून जात होती.

आणि त्या गाडीवाल्यांवर तरी किती चिडू. घाबरलेलीच होती ती पण, घरात म्हातारे आई-बाप असतील, कोणीतरी नुकतंच गेलं असेल. त्या दिवसांत कोण शहाणं राहिलं होतं? राग त्यांच्यावर नाहीच माझा. ज्याने नियम असा केला की मोबाइलवाला पुढे आणि पहाटेपासून बसलेला मागे, त्याच्यावर आहे.

आमच्या सालदाराला पहिला डोस पोळ्याच्या सुमाराला मिळाला. तेव्हा इस्रायलमध्ये तिसरा चालू होता. जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख टेड्रोस ऑगस्टमध्ये हात जोडून सांगत होते की बूस्टर जरा थांबवा, आधी बाकीच्यांना पहिला तरी मिळू द्या. कोणी ऐकलं? २ ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली की साथ आहे तोवर लस, टेस्ट, औषधांची पेटंट बाजूला ठेवा. युरोप, ब्रिटन, स्वित्झर्लंड आडवे. निर्णय आला जून २०२२ मध्ये, तोही अर्धामुर्धा, फक्त लसीपुरता, टेस्ट आणि औषधं बाहेरच. तोवर किती घरं रिकामी झाली हो.

कंपन्यांनी जोखीम घेतली म्हणता, घेतली असेल. पण मॉडर्ना कंपनीच्या लसीत अमेरिकन सरकारचा, म्हणजे लोकांचा पैसा होता ना?

मे २०२५ मध्ये जिनिव्हाला महासाथीचा करार मंजूर झाला. पुढच्या साथीत त्यात सामील होणाऱ्या कंपन्यांनी उत्पादनातला २० टक्के माल आरोग्य संघटनेला द्यायचा, त्यातला निम्मा तरी फुकट. चांगलंच आहे, काहीच नव्हतं त्यापेक्षा. पण उरलेला ८० टक्के परत आधी बुकिंग करणाऱ्याचाच ना?

आणि लायकी काढणाऱ्यांनो, दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या आफ्रिजेन कंपनीला मॉडर्नाने मदत केली नाही, तरी तिथल्या लोकांनी जाहीर झालेल्या माहितीवरून मॉडर्नासारखीच एमआरएनए लस प्रयोगशाळेत बनवून दाखवली, २०२२च्या सुरुवातीलाच. दान मागत नाहीयेत ते, आम्हाला बनवू द्या म्हणतायत.